देवपणाची वहिवाट : चिंचवड संस्थानाच्या इतिहासातून रूढीचा विचार

प्रस्तावना

भाद्रपद आणि माघ या दोन महिन्यांत चिंचवडच्या मंगलमूर्ती वाड्यातून मोरगावकडे पालखी निघते. मोरगाव हे बारामती तालुक्यातील कऱ्हाकाठचे गाव. चिंचवडपासून ते सुमारे ८० किलोमीटर दूर आहे. पालखी ज्या गावातून निघते ते गाव आज एका औद्योगिक महानगराच्या मधोमध आहे. तेथील बहुसंख्य रहिवाशांचे आजोबा येथे जन्मलेले नाहीत. तरीही पालखीची तिथी, मुक्काम, गायिली जाणारी पदे आणि मानकऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. हे कोणी ठरविले, असे विचारले असता 'पूर्वापार चालत आले आहे' असे उत्तर मिळते. इतिहासाच्या अभ्यासकाचे काम या उत्तरापाशी संपत नाही, तेथून सुरू होते.

मराठीत या 'चालत येण्या'साठी शब्दांची वाण नाही. रूढी, रिवाज, शिरस्ता, प्रघात, संकेत, पायंडा, वहिवाट, मान हे सर्व शब्द जवळचे असले तरी त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. 'रूढी' शब्दाच्या मुळाशी उगवणे, वाढणे असा अर्थाचा धातू आहे. 'संकेत' म्हणजे आधी ठरविलेली खूण. ती दोघांना ठाऊक असावी लागते. 'पायंडा' म्हणजे मुळात पायांनी पडलेली वाट. 'वहिवाट' हा शब्द तर थेट कचेरीत जाऊन बसला आणि उपभोगाचा पुरावा असा अर्थ धारण करता झाला. एखादी कृती आधी पायंडा असते, मग संकेत होते आणि शेवटी वहिवाट म्हणून हक्क सांगू लागते. हा प्रवास चिंचवडच्या देव घराण्याच्या इतिहासात जितका स्पष्ट दिसतो तितका महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच दिसत असेल.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी रूढीचा विचार प्रामुख्याने विवेकाचा शत्रू म्हणून केला. लोकहितवादींची 'शतपत्रे' आणि आगरकरांचे 'सुधारक'मधील लेखन यांचा तो मुख्य रोख होता आणि तत्कालीन सामाजिक परिस्थितीत तो आवश्यकही होता. मात्र त्यातून रूढी वाईट का आहे हे समजते, ती घडते कशी हे समजत नाही. पाश्चात्त्य अभ्यासात हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने 'परंपरेची निर्मिती' हा विचार रूढ केला. प्राचीन म्हणून मिरविणाऱ्या अनेक प्रथा अलीकडे आणि हेतुपूर्वक घडविलेल्या असतात, हे त्याचे सूत्र. आपल्याकडील विद्यापीठीय लेखनात हे सूत्र आता इतके सर्रास वापरले जाते की तीही एक रूढीच झाली आहे. चिंचवडच्या बाबतीत ते पुरेसे पडत नाही. येथे कोणी एका दिवशी काही निर्माण केले असे दिसत नाही. एका माणसाची सवय इतरांनी हळूहळू आपलीशी केली, असे दिसते. मॅक्स वेबरने असामान्य व्यक्तीच्या प्रभावाचे नित्यक्रमात होणारे रूपांतर मांडले होते. ते या उदाहरणाला अधिक जवळचे आहे. मात्र त्यातही दोन गोष्टी सुटतात: नित्यक्रमाचा खर्च कोण करतो आणि तो कोणाच्या अंगावर पडतो.

एका माणसाचे चालणे

मोरया गोसावी यांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. सांप्रदायिक परंपरा त्यांच्या संजीवन समाधीचे वर्ष शके १४८३, म्हणजे इसवी सन १५६१ मानते; काही अभ्यासक त्यांना सतराव्या शतकाच्या बरेच जवळ आणतात. कथेचा गाभा मात्र सर्व पाठांत बव्हंशी सारखा आहे. मोरगावच्या मयूरेश्वराची भक्ती, थेऊर येथील तपश्चर्या, पवनाकाठी चिंचवडला केलेली वस्ती आणि तेथून नियमाने मोरगावची वारी, असा तो गाभा होय. पुढे वार्धक्यामुळे चालणे कठीण झाले. तेव्हा देवाने दृष्टांत दिला की, तू आता येऊ नकोस, मीच तुझ्याबरोबर चिंचवडला येतो. कऱ्हेच्या पात्रात स्नान करताना ओंजळीत मूर्ती आली आणि तीच चिंचवडला मंगलमूर्ती म्हणून स्थापन झाली.

ही कथा श्रद्धेने ऐकणाऱ्याला कृपेची कथा वाटते. रूढीच्या अभ्यासकाला तीत एक विसंगती दिसते. भक्ताचे चालणे थांबावे म्हणून देव घरी आला. म्हणजे कथेच्या तर्काप्रमाणे वारीचे प्रयोजन संपले. प्रत्यक्षात मात्र चालणे थांबले नाही. उलट, जी मूर्ती चालणे थांबविण्यासाठी आली तिलाच पालखीत घालून वर्षातून दोनदा मोरगावला नेण्याचा प्रघात पडला. भक्ताने देवाकडे जाण्याऐवजी आता घरचा देव मूळ देवाच्या भेटीला जातो. प्रयोजन गळून पडले, आकार शिल्लक राहिला आणि त्या आकाराला नवे प्रयोजन चिकटले. रूढी म्हणजे अर्थ विसरलेली कृती, असे सुलभ विधान अनेकदा केले जाते. येथे अर्थ विसरला गेला नाही. तो उलटा झाला, आणि तरीही कोणाला विसंगती जाणवली नाही. आकार इतका परिचयाचा झाला होता की त्याच्या अर्थाची तपासणी करण्याची गरज उरली नव्हती.

चिंचवडचा आणखी एक आचार याच जातीचा आहे. भाद्रपदाच्या आरंभी होणाऱ्या द्वारयात्रेत चार दिशांना असलेल्या चार देवींच्या दर्शनाला जाण्याचा परिपाठ आहे. देवस्थानाला चार दारे आहेत अशी कल्पना करून सभोवारच्या प्रदेशाला जणू मंदिराचे आवार मानले जाते. ज्या माळरानांवरून ही दारे कल्पिली गेली त्यांतील बराच भाग आज कारखाने, रस्ते आणि गृहसंकुले यांनी व्यापलेला आहे. दारे मात्र आहेत तेथेच आहेत.

घराण्याचे देवपण

मोरया गोसावींचे पुत्र चिंतामणी. देहूचे तुकाराम महाराज त्यांच्या भेटीस आले आणि त्यांनी चिंतामणींना 'देव' म्हणून संबोधिले, अशी आख्यायिका आहे. घराण्याचे आडनाव त्यावरून पडले असे सांगतात. देहू ते चिंचवड हे अंतर फार नाही, त्यामुळे भेट अशक्य नव्हे. भेट झाली की नाही यापेक्षा ती का सांगितली जाते हे येथे अधिक महत्त्वाचे आहे. वारकरी संप्रदायाच्या सर्वमान्य संताच्या तोंडून गाणपत्य घराण्याच्या देवत्वाला मान्यता मिळते, हे त्या कथेचे कार्य. मोरयांच्या कृपेने सात पिढ्यांपर्यंत घराण्यात गणपतीचा अंश राहील, अशी श्रद्धाही याच ओघात दृढ झाली. एका व्यक्तीची उपासना येथे रक्ताच्या नात्याने वाहणारी वस्तू झाली. गादीवर बसणारा पुरुष स्वभावाने कसाही असला तरी त्याने देवासारखे वागावयाचे, हे आता ठरून गेले.

मोरया गोसावींच्या समाधीवरील मंदिराचे काम १६५८-५९ या काळात झाल्याचे तेथील लेखावरून समजते. आचाराला दगडी घर मिळणे हा रूढीच्या आयुष्यातील मोठा टप्पा असतो. भिंत उभी राहिली की प्रदक्षिणेची वाट ठरते, गाभाऱ्याचा उंबरा ठरला की कोणी कोठे थांबायचे हे ठरते. वास्तू ही अशी गोठलेली वहिवाटच असते. त्या उंबऱ्यापाशी कोणाला थांबविले जाई, हा प्रश्नही येथे विसरता येत नाही. इतर देवस्थानांप्रमाणे येथील मान आणि क्रम हेही जातिव्यवस्थेच्या चौकटीतच बसविलेले होते.

दुसरा टप्पा उत्पन्नाचा. यात्रा, अन्नदान आणि उत्सव यांना धान्य, मीठ, तूप लागे. चिंचवडच्या देवांना काही बाजारांतून हा माल ठरलेल्या स्वस्त दराने खरेदी करण्याची सवलत होती. शिवाजी महाराजांनी ती बंद केली आणि तितकाच माल सरकारी कोठारातून देण्याची व्यवस्था केली, कारण स्वस्त खरेदीचा बोजा रयतेवर पडत होता. या निर्णयाचा उल्लेख बहुधा महाराजांच्या प्रजाहितदक्षतेचे उदाहरण म्हणून केला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु रूढीच्या दृष्टीने त्यात आणखी एक गोष्ट आहे. महाराजांनी उत्सव थांबविला नाही, कमीही केला नाही. आचाराला हात न लावता त्याचा भार कोणी सोसायचा एवढेच त्यांनी बदलले. रूढीतील अन्याय बहुतेक वेळा तिच्या दर्शनी भागात नसतो, तो तिच्या जमाखर्चात असतो, हे या राजाने ओळखले होते. दोन शतकांनंतरच्या सुधारकांनी हा धागा अधिक उचलला असता तर बरे झाले असते.

पुढे शाहू आणि पेशवे यांच्या काळात संस्थानाची इनामे वाढली. पेशवे स्वतः गणेशभक्त होते. या इनामांच्या उगमाविषयीही कथा रचल्या गेल्या. औरंगजेबाने परीक्षा पाहण्यासाठी मांसाचे ताट पाठविले, देवांनी झाकण काढले तेव्हा त्यात फुले होती, आणि प्रसन्न होऊन बादशहाने गावे इनाम दिली, अशी एक कथा आहे. मांसाची फुले होण्याचा हा कथाघटक इतर सत्पुरुषांच्या चरित्रांतही आढळतो. संतचरित्रकाराकडे अशा घटकांचा साठा तयार असतो आणि तो प्रसंगानुसार त्यातून उचलतो. येथे कथेचा शेवट चमत्कारात होत नाही, गावांच्या यादीत होतो, हे लक्षणीय आहे. कथा ही सनदेची जोडपत्रिका झाली आहे.

लॉरेन्स प्रेस्टन यांचा चिंचवडच्या देवांवरील ग्रंथ १९८९ मध्ये केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. त्यात घराणे आणि राज्यसत्ता यांच्या संबंधांचा कागदपत्रांच्या आधारे सविस्तर वेध घेतलेला आहे. मराठी वाचकांत या ग्रंथाची व्हावी तितकी चर्चा झाली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

परक्यांची नजर

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यात येणाऱ्या इंग्रजांना चिंचवडचा 'जिवंत देव' हे मोठे कुतूहल होते. कॅप्टन एडवर्ड मूर यांचा या वंशपरंपरागत देवावरील लेख कलकत्त्याच्या 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात १८०१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १८१० मध्ये त्यांनी हिंदू देवतांवर मोठा ग्रंथ लिहिला. मूर यांनी घराण्याची कथा, सात पिढ्यांची श्रद्धा आणि देवाच्या वर्तनाकडे पाहण्याची लोकांची रीत यांची नोंद केली. देवाच्या साध्या हालचालीही अर्थपूर्ण मानल्या जात. विशेष पूजेच्या प्रसंगी तो जे करील त्यावरून येणाऱ्या काळाचे शुभाशुभ ताडले जाई. म्हणजे गादीवरील माणसाला अहेतुक वागणे शक्यच नव्हते. तो शांत बसला तरी तो संकेत, उठला तरी तो संकेत. रंगभूमीवरील नटाला निदान पडद्यामागे सुटका असते.

मारिया ग्रॅहम यांनी १८०९ च्या डिसेंबरात चिंचवडला भेट दिली. त्यांना गादीवर एक लहान मुलगा दिसला. इतर मुलांपेक्षा त्याच्यात वेगळे काही नव्हते. वेगळी होती ती डोळ्यांतील अस्वस्थता, आणि ती त्याला रोज दिल्या जाणाऱ्या अफूमुळे असल्याचे त्यांनी ऐकले. हे वर्णन वाचताना दोन गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली अशी की ग्रॅहम यांचे लेखनही संकेतबद्ध आहे. पौर्वात्य देवस्थानाला भेट, गर्दी, गोंगाट, निराशा आणि शेवटी अंधश्रद्धेविषयी उद्वेग, हा तत्कालीन इंग्रजी प्रवासवर्णनांचा ठरलेला क्रम होता. मूर यांच्यासारखा चौकस लेखकही त्या चौकटीतून पूर्णतः सुटलेला नाही. अफूची बाब तर त्यांनी स्वतः पाहिलेली नव्हे, ऐकलेली आहे.

दुसरी गोष्ट अशी की वर्णन संकेतबद्ध आहे म्हणून त्यातील मूल खोटे ठरत नाही. वसाहतवादी दृष्टीची चिकित्सा करण्याच्या भरात अलीकडील लेखन कधीकधी वर्णन करणाऱ्याकडेच पाहत राहते आणि वर्णन झालेला माणूस पुन्हा एकदा नजरेआड होतो. अफूची ऐकीव गोष्ट बाजूला ठेवली तरी एक लहान मुलगा देव म्हणून गादीवर बसविला होता आणि शेकडो प्रौढ माणसे त्याच्यापुढे वाकत होती, एवढे निश्चित राहते. त्याला काय वाटत होते हे कोणत्याही दफ्तरात नाही. संस्थानाच्या कागदांत इनामे, यात्रा, तंटे, भेटी यांची तपशीलवार नोंद सापडते. देवाला कंटाळा आला होता का, याची नोंद ठेवण्याचे कारण कोणाला पडले नाही.

पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटियरनुसार ग्रॅहम यांच्या भेटीच्या पुढच्याच वर्षी, १८१० मध्ये, घराण्यातील शेवटचा थेट वारस निपुत्रिक मृत्यू पावला. श्रद्धेच्या तर्काप्रमाणे देवपण येथे समाप्त व्हावयास हवे होते. सात पिढ्यांची मर्यादा कथेतच सांगितली होती, आणि आता वंशही खुंटला होता. प्रत्यक्षात पुजाऱ्यांनी सखारी नावाच्या दूरच्या नातलगाला गादीवर बसविले. देवाला मिळालेली दाने हातची जाऊ नयेत म्हणून हे केले, असे कारण गॅझेटियर रोखठोकपणे देते. ते कारण सरकारी अधिकाऱ्याच्या चष्म्यातून आलेले असले तरी नाकारण्याजोगे नाही. देव संपला, पण देवाची जागा संपली नाही. ती रिकामी ठेवणे परवडणारे नव्हते. नैवेद्य, पालखी, अन्नछत्र यांवर अवलंबून असलेली शेकडो कुटुंबे, गावोगावचे मान आणि त्यांचे हक्क त्या जागेला बांधलेले होते.

इंग्रजी अमलात इनामांची चौकशी सुरू झाली तेव्हा हा प्रश्न वेगळ्या भाषेत विचारला गेला. मुंबई इलाख्यात १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. आता इनामदाराला देवत्व सिद्ध करावयाचे नव्हते. सनद कोणाची, उपभोग अखंड आहे का, किती काळ आहे, हे सिद्ध करावयाचे होते. दृष्टांताची जागा दाखल्याने घेतली. याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. ज्या आचारात काळाच्या ओघात आपोआप फेरफार होत असत, तो जसाच्या तसा चालू ठेवणे हे आता कायदेशीर हिताचे ठरले. खंड पडला तर हक्क जाण्याची भीती. आज आपण ज्यांना अत्यंत प्राचीन आणि अपरिवर्तनीय समजतो अशा अनेक देवस्थानी प्रथांचे काटेकोरपण पेशवाईतले नसून कंपनी सरकारच्या कचेरीतले असण्याची शक्यता या दृष्टीने तपासण्यासारखी आहे.

पदे आणि कीर्तन

आचाराबरोबर कलाही बांधली जाते. मोरया गोसावींच्या नावावरील पदे चिंचवडला गायिली जातात; धूपारतीच्या वेळची एकवीस पदे हा त्यांतील प्रसिद्ध भाग. त्यांच्या वंशजांची पदेही या परंपरेत सामील आहेत. काव्य म्हणून त्यांची नवलाई मोठी नाही, असे मत समीक्षक देऊ शकेल, आणि ते चुकीचेही ठरणार नाही. पण पदाची कसोटी येथे वेगळी आहे. शेकडो लोकांना एकत्र, चालता चालता, पुस्तकाशिवाय म्हणता आले पाहिजे. त्यासाठी ध्रुपद लहान हवे, चाल ओळखीची हवी, नाममुद्रा ठरलेल्या जागी यायला हवी. पुढच्या पिढीतील रचनाकार नवे पद करतो तेव्हा तो देवाकडे पाहून रचतो, तितकाच आधीच्या पदांकडे पाहून रचतो. कलेतिहासकार गोम्ब्रिच यांनी १९६० च्या आपल्या ग्रंथात चित्रकाराविषयी हेच दाखविले होते: चित्रकार आधी हाताशी असलेला साचा घेतो आणि मग समोरच्या वस्तूनुसार त्यात दुरुस्ती करतो. साच्याशिवाय पाहणे सुरूच होत नाही.

साचा म्हणजे केवळ बंधन असा समज असेल तर चिंचवडचेच दुसरे उदाहरण घ्यावे. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू चिंचवडचे. त्यांचे वडील हरि विनायक चापेकर कीर्तनकार होते आणि मुले त्यांना कीर्तनात साथ करीत. नारदीय कीर्तनाची रचना पक्की ठरलेली असते: नमन, पूर्वरंगात एखाद्या अभंगाचे निरूपण, मध्यंतरी नामगजर, उत्तररंगात आख्यान आणि शेवटी आरती. श्रोत्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते. कीर्तनकाराचे सामर्थ्यही याच ठाऊक असण्यावर उभे असते, कारण चौकट पक्की असल्याने आत काय भरायचे याची मोकळीक मिळते. आख्यानाच्या जागी ध्रुव-प्रल्हादाऐवजी शिवचरित्र आले तरी श्रोत्याला परके वाटत नाही. डॉ. दत्तात्रेय विनायक पटवर्धन यांच्यासारख्यांनी पुढे 'राष्ट्रीय कीर्तन' उभे केले ते याच मोकळ्या जागेत. १८९३ नंतरच्या सार्वजनिक गणेशोत्सवातील मेळ्यांनाही भजन-कीर्तनाची ओळखीची चाल उपयोगी पडली आणि 'मोरया' हा घोष, जो परंपरा मोरया गोसावींशी जोडते, तो राजकीय गर्दीच्या तोंडी गेला.

चापेकरांच्या चरित्रातून फार मोठा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. प्लेगच्या काळातील जुलमी उपाययोजना हे त्यामागील तात्कालिक कारण होते. कीर्तनाने पिस्तूल चालविले असे कोणी म्हणणार नाही. दामोदर चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात फाशी झाली; दोघे धाकटे बंधू पुढील वर्षी फासावर गेले. वृत्तीने हे बंधू कट्टर सनातनी होते आणि सुधारकांविषयी त्यांना तिटकारा होता. ज्या घरात रूढीला आव्हान देणे हे पाप होते, त्याच घरातून सत्तेला आव्हान दिले गेले. रूढी म्हणजे निष्क्रियता या सुधारकी समीकरणात हे घर बसत नाही. स्वातंत्र्यलढ्याच्या गौरवपर इतिहासातही ते नीट बसत नाही, म्हणून त्या घराचे सनातनीपण बहुतेक वेळा गाळून सांगितले जाते.

कारखान्यांच्या वस्तीत

खंडाळा ते पुणे लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, तरी चिंचवड दीर्घकाळ गावच राहिले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ मध्ये पिंपरीस झाली, १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाने जमिनी संपादित केल्या आणि मोटार उद्योग आला. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारी चाकणकडे सरकली. तेथे २००९ पर्यंत जर्मन मोटार कंपन्याही दाखल झाल्या. मराठवाडा, खानदेश, पश्चिम महाराष्ट्र आणि नंतर उत्तर भारत व ओडिशा येथून माणसे आली. त्यांच्याजवळ या भूमीतील इनाम नव्हते, मान नव्हता, पालखीतील जागा नव्हती.

आतापर्यंतच्या विवेचनाला येथे अडचण उभी राहते. रूढी टिकते ती तिच्यामागील उत्पन्नामुळे, असे चिंचवडच्या गादीवरून वाटते. मग खंडेनवमीचे काय? दसऱ्याला बहुतेक कारखान्यांना सुटी असते, म्हणून आदल्या दिवशी यंत्रांची पूजा होते. लेथ, प्रेस, फोर्कलिफ्ट यांना झेंडूच्या माळा चढतात, हळदकुंकू लागते, नारळ फुटतो. यामागे कोणती सनद नाही. शेतकऱ्याचा नांगर आणि शिपायाची तलवार यांच्या पूजेचा आकार, नांगर आणि तलवार दोन्ही नसलेल्या माणसाने सोबत आणला आणि समोर जे हत्यार होते त्याला लावला. त्याच कारखान्यात सप्टेंबरच्या मध्यास उत्तरेकडील कामगार विश्वकर्मा पूजा करतात. एकाच यंत्राला वर्षातून दोनदा, दोन प्रांतांच्या रीतीने, हार मिळतो. यंत्र ना याचे ना त्याचे. ते मालकाचे आहे. पूजेपुरते मात्र ते चालविणाऱ्याचे होते. उत्पन्नाचा सिद्धान्त येथे लागू पडत नाही हे मान्य केले पाहिजे. ज्याला त्या जागी दुसरा कोणताही हक्क नाही, त्याच्यासाठी परिचित आचार हाच जागेशी नाते जोडण्याचा मार्ग असावा.

परंतु उत्पन्नाचा धागा पूर्ण तुटलेलाही नाही. सणाच्या वेळी मालकाने खुशीने द्यावयाची रक्कम हळूहळू अपेक्षित झाली, आणि कामगारांनी ती हक्क म्हणून मागितली. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर ग्रॅहम ट्रेडिंग कंपनी आणि तिचे कामगार यांच्यातील पूजा बोनसचा वाद आला. चिंचवडला आलेल्या ग्रॅहमबाईंशी या कंपनीच्या नावाचा संबंध नाही, तो केवळ योगायोग. रूढीने बोनस सिद्ध होण्यासाठी न्यायालयाने कसोट्या सांगितल्या: रक्कम वर्षानुवर्षे खंड न पडता दिलेली असावी, तो काळ पुरेसा दीर्घ असावा, तोट्याच्या वर्षीही ती दिलेली असावी, दर एकसारखा असावा. पुढे १९६५ च्या बोनस प्रदान कायद्यात कायदेशीर बोनसमधून पूजा बोनस किंवा रूढीने दिलेला अन्य बोनस वजा करण्याची तरतूद करण्यात आली. प्रश्न तेच होते, जे शतकापूर्वी इनाम कमिशनच्या अधिकाऱ्याने दक्खनच्या देवस्थानांना विचारले होते: किती वर्षे, अखंड आहे का, दाखला काय. या वेळी उत्तर देणारे गादीवर बसलेले नव्हते, आणि त्यांच्या हातात सनदेऐवजी पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या होत्या.